हाकाला नावाचा गट

१

रोज सकाळी सहाला मी आधी बॉयलर बघतो, मग दारं. कॅनडातल्या थंडर बेच्या कोइवुला वृद्धनिवासात एकेचाळीस दारं आहेत. एकोणीस वर्षं त्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. एक मोठं कडं आणि त्यात अडकवलेली चार छोटी कडी. तळघराचं, स्वयंपाकघराचं, औषधखोलीचं आणि मागच्या विभागाचं. न बघता हाताला कळे, कोणती किल्ली कुठली.

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढे लाकूडतोडीच्या छावणीत गेलो, मग कागदगिरणीत, मग इथे. कुलूप मला कुणी शिकवलं नाही.

मागचा विभाग म्हणजे ज्यांची आठवण गेली त्यांचा. त्याचं दार दोन्ही बाजूंनी बंद असतं. आत जायला किल्ली लागते, बाहेर यायलाही लागते. नाहीतर म्हातारी माणसं झोपायच्या कपड्यांत निघतात आणि उणे तीस अंशांत सरोवराकडे चालू लागतात. एकदा तसं झालं होतं. तो माणूस मलाच सापडला.

तिथे नऊ जणं राहतात. त्यांतली एक माझी बायको, लेंपी. तिला तिथे ठेवून तीन वर्षं झाली. दोन वर्षांत तिनं माझं नाव घेतलेलं नाही. मी गेलो की ती सरळ बसते, झगा गुडघ्यांवर ओढते आणि म्हणते, "हीटरवाले, जरा बघा हो. खोली गार पडलीय. माझा नवरा येईलच एवढ्यात."

"बघतो," मी म्हणतो.

हीटर चांगला असतो. तरी मी पाना काढतो आणि दोन फेरे देतो.

२

जानेवारीत व्यवस्थापनानं किल्ल्या काढून घेतल्या आणि प्रत्येक दाराला कार्डाचं यंत्र बसवलं. दिवा हिरवा झाला तर दार उघडतं, लाल झाला तर नाही. कुणासाठी हिरवा व्हायचा हे कॉम्प्युटरवरचं एक पान ठरवणार होतं. ते पान तयार करायला डॅना पेल्टिए नावाची बाई आली. चाळिशीची, मोठ्या आवाजाची. बर्फाचे बूट घालून थेट ऑफिसात शिरली. मी तिला परत दारापर्यंत पाठवलं.

"तुम्ही हाकाला ना?" बूट काढत ती म्हणाली. "तुमच्याबद्दल ऐकलंय."

"काय ऐकलंस?"

"हेच."

तिनं टेबलावर कोरी कार्डं मांडली. "तीन याद्या आहेत. कोण आहे, तो कोणत्या गटात आहे आणि त्या गटाला काय चालतं. एक नियम पाळायचा. परवानगी माणसाला कधीच द्यायची नाही. ती गटाला द्यायची, आणि माणूस गटात घालायचा."

"का?"

"माणसं बदलतात. गट राहतात."

हे मला पटलं. गिरणीतही माणूस मेला तरी त्याची पाळी चालू असे.

तिनं गट पाडले. परिचारिका, स्वयंपाक, देखभाल, नातेवाईक आणि सोबती. सोबती म्हणजे चर्चमधली चार माणसं. ती दुपारी येतात आणि म्हाताऱ्यांना अर्धा तास फिरवून आणतात. त्यांना माणूस बाहेर नेण्याची परवानगी होती.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही देखभालीत. शिवाय बायकोसाठी नातेवाइकांत. दोन गट झाले."

"मला एकच पाहिजे, माझा स्वतःचा. सगळी दारं. आणि लेंपीला नेण्या-आणण्याचा हक्क."

"एका माणसाचा गट करत नाहीत, मिस्टर हाकाला."

"एकोणीस वर्षं सगळ्या किल्ल्या एका कड्यात होत्या. काही बिघडलं?"

तिनं सुस्कारा सोडला. "नाव काय देऊ?"

"हाकाला."

"नम्र माणूस आहात." तिनं नाव लिहिलं.

मी आणखी एक अट घातली. इथल्या दाराची परवानगी बाहेरच्या माणसाच्या हातून कुणालाही मिळू नये, डॅनाच्याही नाही. ती हसली, पण तसं करून दिलं. काढून घेणं तिला जमेल. देणं फक्त मॅनेजरबाईंना आणि माझ्या गटाला.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सोबत्यांची, कुणालाही बाहेर नेण्याची, परवानगी माझ्या गटात यायची राहिली. पडद्यावरचा गट उचलून दुसऱ्या गटावर सोडला की तो आत जातो, हे तिनं दाखवलं होतं. मी 'सोबती' उचललं आणि 'हाकाला'वर सोडलं. छोटं कडं मोठ्या कड्यात अडकवावं तसं.

नक्की का, असं पानानं विचारलं. मी हो म्हटलं.

३

मी किल्ल्या रोज मोजत असे. तीच सवय आता पानाला लागली.

'सोबती'समोर पाच हा आकडा होता. मी तो गट उघडला. आत चार नावं होती. लुओमा नवरा-बायको, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई आणि एक निवृत्त बसचालक. पडद्याला बोट लावून मोजलं, चारच भरली. बंद केलं की बाहेर पाच.

परत उघडलं तेव्हा दिसलं. चौथ्या नावाखाली एक ओळ रिकामी होती. नाव नाही, कार्डाचा नंबर नाही. शेवटच्या चौकोनात मात्र बरोबरची खूण होती. परवानगी चालू.

मी डॅनाला फोन लावला.

"पान ताजं करा," ती म्हणाली.

"केलं."

"मग माझ्याच हातून आकड्याची चूक झाली असेल. सोमवारी बघते."

"कड्यात एक किल्ली जास्त निघाली तर मी सोमवारपर्यंत थांबत नाही."

"ती किल्ली नाही हो, मिस्टर हाकाला. रिकामी ओळ आहे. रिकामी ओळ दार उघडत नाही."

सोमवारी ती आली नाही. वादळ झालं आणि ती जिथून येते तो निपिगॉनकडचा रस्ता बंद पडला. मीही मग फार ताणलं नाही. पाईप गोठत होते.

४

कोण कुठल्या दारातून किती वाजता गेलं याची नोंद पान ठेवतं. बुधवारी संध्याकाळी मी ती वाचली.

रौहा निएमी. बाहेर ३.१०. परत ३.४०. सोबत कोण, ती जागा कोरी.

रौहा लेंपीच्या शेजारच्या खोलीत राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची. त्या दिवशी उणे अठ्ठावीस होतं. मी तिच्या खोलीत गेलो. कोट खुंटीवर होता. बूट हातात घेऊन बघितले. कोरडे. तळाला बर्फही नाही आणि बर्फ वितळायला वाटेवर टाकतात ते मीठही नाही.

नोंद चुकली असणार, मी ठरवलं. नवीन यंत्र चुकतं.

दुसऱ्या दिवशी तिची मुलगी कॅरन कॉरिडॉरमध्ये माझ्या गळ्यातच पडली. पन्नाशीची बाई, रडत होती आणि हसत होती. "आईनं मला नावानं हाक मारली, मिस्टर हाकाला! तीन वर्षं मी तिच्यासाठी नुसती नर्स होते. आज विचारते, कॅरन, तू केस का कापलेस?"

मी रौहाला बघायला गेलो. ती जेवणघरात हातरुमालांच्या घड्या घालत होती. कडेला कड जुळवून.

"ताइस्तो," ती म्हणाली. ते माझं नाव. तीन वर्षं तिनं मला कशानंच हाक मारली नव्हती. "बाहेर काय छान आहे. ऊन आहे. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो."

तिच्या मागच्या खिडकीवर आतून बोटभर बर्फ धरला होता. सरोवर नोव्हेंबरपासून गोठलेलं आहे.

"कुणाबरोबर बसलात?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून हसली. शहाणं मूल मोठ्या माणसाच्या वेड्या प्रश्नाला हसतं, तसं. आणि पुढचा रुमाल घेतला.

गुरुवारी त्याच विभागातला विल्हो सारी बाहेर जाऊन आला. बाहेर ३.१०, परत ३.४०. रात्री त्यानं स्वतःच्या हातानं जेवून चाकू-काटा सरळ ठेवला. शुक्रवारी आणखी एक म्हातारी तशीच जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, नवीन गोळी लागू पडली. मला ते खरं वाटायला हवं होतं.

५

शनिवार आमचा सौनाचा दिवस. तळघरात आहे, मीच बांधलेला. दगड तापवायचे, त्यांवर पाणी टाकायचं आणि वाफेत बसायचं. आम्हा फिनिश लोकांची आठवण गेली तरी ही सवय जात नाही. बायकांना मारिसेल घेऊन जाते. मारिसेल मागच्या विभागाची परिचारिका, फिलिपिन्सची. मला लोलो म्हणते. त्यांच्याकडे आजोबांना म्हणतात. मी एकदा नको म्हणून सांगितलं होतं. काही उपयोग झाला नाही.

त्या शनिवारी ती वर आली आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. केस ओले, चेहरा लाल.

"लोलो, एक विचारू? हसू नका."

"मी हसत नाही."

"ते सगळ्यांना माहीत आहे." पण तिचं थट्टेकडे लक्ष नव्हतं. "निएमीआजी सगळ्यात वरच्या फळीवर बसली होती. वीस मिनिटं. मी तीनदा पाणी टाकलं. मला श्वास घेता येईना. तिच्या अंगावर घामाचा थेंब नाही."

"म्हातारी कातडी आहे. कोरडीच असते."

"मी पाठ चोळायला हात लावला."

"मग?"

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. "बाहेरच्या दाराची कडी असते ना, लोलो? सकाळी हातमोजा न घालता धरली तर? तशी."

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"ती म्हणाली, अजून टाक ना पोरी. आणि हसत होती."

"डॉक्टरांना सांग."

"सांगितलं. त्यांनी थर्मामीटर लावला. तो म्हणतो सगळं ठीक." तिनं ओले केस मागे सारले. "कॅरनला सांगू का?"

"काय सांगशील?" मी म्हणालो. "तिची आई तिला ओळखते, हे?"

६

मंगळवारी दुपारभर मी छपरावर होतो. कडेला बर्फाची धार जमली होती, ती कुऱ्हाडीनं फोडत होतो. दीड वाजता चढलो, पावणेचारला उतरलो. मारिसेलनं खिडकीतून दोनदा हात केला. कार्ड आतल्या खिशात होतं, त्यावर तीन स्वेटर.

चार वाजता लेंपीकडे गेलो. तिचे केस विंचरलेले होते. डावीकडे भांग, मागे घट्ट अंबाडा. असा तिनं आमच्या लग्नात घातला होता. माझ्या हातानं मी तिचे केस कधी विंचरले नाहीत. पंचावन्न वर्षांत एकदाही नाही. मला ते सुचलंच नाही.

"हीटरवाले, उशीर केलात," ती म्हणाली. "माझा नवरा येऊन गेला."

"केस मारिसेलनं विंचरले का?"

"त्यानं विंचरले. किती हळू हात त्याचा. हात गार आहेत बिचाऱ्याचे."

"दिसतो कसा?"

तिला माझी कीव आली असावी. "नवरा कसा दिसतो? नवऱ्यासारखा. शुक्रवारी मला सरोवरावर नेणार आहे."

मारिसेलला विचारलं. तिनं कुणाला आत येताना बघितलं नव्हतं. ऑफिसात जाऊन पान उघडलं. मागचा विभाग. आत ३.१०. बाहेर ३.२५. आणि पुढे, ज्या जागी इतके दिवस काही नसायचं तिथे, नाव.

हाकाला.

मी खिशातून कार्ड काढून बघितलं. माझंच होतं. माझाच फोटो. कुणी दुसरं कार्ड बनवलं असेल, असं मनाशी म्हटलं. चोर असेल. पण चोर म्हातारीचे केस विंचरत नाही.

७

बुधवारी अडीचलाच मी लेंपीच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. तिथून विभागाचं दार समोर दिसतं. मारिसेल औषधांची गाडी घेऊन पलीकडच्या खोल्यांत होती.

तीन दहाला यंत्राचा दिवा हिरवा झाला.

कुलूप सुटल्याचा आवाज मी लाख वेळा ऐकलाय. तोच आवाज. दार वीतभर उघडलं आणि तसंच राहिलं. कॉरिडॉरमधली गार हवा आत आली, माझ्या नडगीला लागली. दाराला वरच्या बाजूला काच आहे. काचेत कुणी नव्हतं. पण आपोआप मिटायची स्प्रिंग मीच बसवली आहे. कुणी हातानं धरल्याशिवाय ते दार उघडं राहत नाही.

मी उठलो नाही. मी आयुष्यात कधी भ्यालो नाही असं सांगत आलो आहे. त्या दिवशी मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो.

मग दार सावकाश मिटलं.

"आज पाहुणे आहेत तुझ्याकडे, म्हणाला," लेंपी आपल्या हातांकडे बघत पुटपुटली. "शुक्रवारी येतो म्हणाला."

मला काही ऐकू आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कॅरन आणि रौहा समोरच्या सोफ्यावर पत्ते खेळत होत्या. रौहा फसवत होती आणि कॅरन ओरडत होती, "आई, लबाडी करू नकोस!" मी लेंपीला कॉफी पाजत होतो. कप तिच्या ओठांना लावून.

"तुम्ही फार चांगले आहात, हीटरवाले," ती म्हणाली. "तुम्हाला बायको आहे का?"

मी हो म्हटलं. मग कप धुवायला मोरीवर गेलो आणि बराच वेळ पाणी सोडून उभा राहिलो. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. अर्धा तास बाहेर, मग परत. आणि मग ती मला विचारील, ताइस्तो, तू एवढा म्हातारा कधी झालास?

पाठीला हात लावायचा नाही, बस. मी तसाही तिला कधी फार हात लावत नसे.

८

शुक्रवारी रस्ता उघडला. डॅना दुपारी पावणेतीनला पोचली. या वेळी बूट दारात काढले. मी मारिसेलला सांगून ठेवलं होतं, "लेंपीजवळ बस. मी येईपर्यंत जागची हलू नकोस."

"बाथरूमला पण नाही?"

"नाही."

"हो, लोलो. तुम्ही याल तेव्हाच उठेन."

ऑफिसात डॅनानं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. "हे कुणी केलं? सोबती हा गट तुमच्या गटात कुणी टाकला?"

"मी. मला त्यांची परवानगी हवी होती."

"अहो, उलटं घातलंत! गट दुसऱ्या गटात टाकला की आतल्या माणसांना बाहेरच्या गटाची परवानगी मिळते. तुम्हाला सोबत्यांचं काही मिळालं नाही. सोबत्यांना तुमचं सगळं मिळालं. दारं, लेंपी, सगळं. पानाच्या लेखी ते सगळे हाकाला आहेत."

"छोटं कडं मोठ्या कड्यात अडकवलं की मोठं कडं ज्याच्या हातात, त्याच्या सगळ्या किल्ल्या," मी म्हणालो.

"किल्ल्या म्युझियमला द्या असं मी तेव्हाच सांगणार होते." ती बोलता बोलता काम करत होती. तिनं 'सोबती' उचलून माझ्या गटाबाहेर काढलं. "झालं. आता तुमच्या गटात एकच माणूस."

पडद्यावर माझ्या गटासमोर दोन होते.

तिनं गट उघडला. माझं नाव. त्याखाली रिकामी ओळ. शेवटी बरोबरची खूण.

"ही इथे कशी आली?" ती स्वतःशीच म्हणाली. ओळ पुसली. पान म्हणालं, पुसली. पान ताजं केलं. दोन. तिनं आणखी तीन प्रकारे करून बघितलं. तिसऱ्या वेळी तिची थट्टा बंद झाली होती. "ती आता सोबत्यांत नाहीच. तुमच्यातच आहे."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"एकच करता येईल," डॅना म्हणाली. "हाकाला हा गटच पुसून टाकायचा. गट गेला की त्यातल्या सगळ्यांचं सगळं जाईल. तुमचंही. एकही दार तुम्हाला उघडणार नाही. आणि परत मला देता येणार नाही, तशी अट तुम्हीच घातलीत. मॅनेजरबाई टोरांटोहून सोमवारी येतील."

"म्हणजे तीन दिवस मी बाहेरचा माणूस."

"बेल वाजवायची. सगळे नातेवाईक वाजवतात."

तिनं बाण त्या बटणावर नेला आणि माझ्याकडे बघितलं. मी 'पूस' म्हणायला पाहिजे होतं. माझ्या इमारतीत मी बेल वाजवायची हे मला गिळवेना, हे एक. दुसरं मी इथे लिहितो, कारण आता लपवून काही मिळायचं नाही. मला रौहाचे पत्ते आठवत होते. एकदाच माझं नाव ऐकायचं होतं.

"मिस्टर हाकाला?"

"थांब जरा."

घड्याळाचा काटा ऐकू येत होता. खाली स्वयंपाकघरात कुणीतरी भांडं ठेवलं.

पडद्यावर एक नवी ओळ उमटली. मागचा विभाग. आत ३.१०. हाकाला.

डॅना खुर्चीसकट मागे सरकली. "तुमचं कार्ड कुठे आहे?"

मी ते टेबलावर ठेवलं. माझ्याच फोटोकडे आम्ही दोघं बघत राहिलो.

"पूस," मी ओरडलो. "पुसून टाक!"

तिनं बटण दाबलं.

९

माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. तरी मी धावलो. मागच्या विभागाच्या दाराशी पोचून कार्ड लावलं. लाल. परत लावलं. लाल.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. दार दोन्ही बाजूंनी बंद असतं. बाहेर यायलाही परवानगी लागते. आणि ती मी आता काढून घेतली होती, माझ्याकडून आणि त्याच्याकडून, तो आत गेल्यावर. मी बाहेर होतो. तो आत होता. सोमवारपर्यंत.

मी बेल दाबली. काचेला तोंड लावलं. आतला कॉरिडॉर नेहमीसारखा होता. पिवळा दिवा, हातगाडी, रौहाच्या दारावरचा कागदाचा बर्फकण. लेंपीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मारिसेल तिथे बसलेली असायला पाहिजे होती. ती तिथे नव्हती.

ती विभागातल्या चहाच्या खोलीतून बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेवर दोन कप आणि वेलचीच्या पावाचे दोन तुकडे. ती घाईत नव्हती. बेलकडे वळून बघितलं आणि तिला मी दिसलो.

ती आधी हसली, सवयीनं. मग थांबली. तिनं लेंपीच्या खोलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा खोलीकडे. तिनं ट्रे हातगाडीवर ठेवला. कपांचा आवाज मला काचेतूनही ऐकू आला.

"मारिसेल," मी म्हणालो. "दार उघड."

तिचं कार्ड गळ्यात होतं. तिनं ते मुठीत धरलं आणि एक पाऊल मागे सरकली. माझ्यापासून.

मी काचेवर मूठ आपटली. तेव्हा खोलीतून लेंपीचा आवाज आला. मोकळा, ठणठणीत, चाळीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून यायचा तसा.

"ताइस्तो, जरा बघ ना, कोण आलंय दारावर."

आत खुर्ची सरकली. खोलीच्या उंबऱ्यापुढच्या फरशीवर एका माणसाची सावली पडली आणि ती दाराकडे यायला निघाली.